दिवसाला दोन

टुल्लाबी, व्हिक्टोरिया
११ मार्च

प्रिय नोरीन,

चार वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी कोण मेलं ते शोधशील. कोणी मेलेलं नाही. मी ठणठणीत आहे, डावा गुडघा सोडून. गहू बरा झाला, त्यामुळे शेतकऱ्यांना शेड हवी आहेत, त्यामुळे माझी माणसं कामात आहेत. तुझे गुलाब, तुझी मांजर आणि तो शेजारचा मासेवाला कॅप्टन आपापल्या जागी असतील असं धरून चालतो.

फोन केला नाही, कारण फोनवर मला फार ऐकू येतं. माणूस काय बोलत नाही तेही. तू गप्प बसली असतीस आणि मी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावत राहिलो असतो. कागद बरा.

काम ब्रॉनचं आहे.

तिच्या मणक्यातली फट तुला नव्याने सांगायला नको. ती जन्मली त्या दिवशी तूच तिला पहिल्यांदा उचललंस आणि तूच मला बाजूला घेऊन सांगितलंस, की कंबरेखालचं काही हिच्या हातात राहणार नाही. आता ती एकतीस वर्षांची आहे. चाकांच्या खुर्चीतून उतरून हातानं चालवायच्या गाडीत बसते, वाचनालयात नोकरी करते आणि माझ्या प्रत्येक वाक्यातली चूक काढते. अपंगांच्या सरकारी योजनेतून तिला त्या वस्तू मिळतात. दिवसाला सहा. कोणत्या वस्तू ते तू नर्स असल्यामुळे ओळखशील.

(ब्रॉन आत्ताच खांद्यावरून वाचून गेली. म्हणाली, "बाबा, त्यांना पॅड म्हणतात. लघवी अडवायचे पॅड. लिहिलंत तर पेन मोडणार नाही.")

तर ऑगस्टमध्ये योजनेवाल्यांनी फेरआढावा घेतला आणि सहाचे दोन केले. दिवसाला दोन! दिवस मात्र चोवीस तासांचाच ठेवलाय, तेवढी त्यांची मेहेरबानी. पत्रात लिहिलंय, "उपलब्ध माहितीच्या आधारे गरज वाजवी प्रमाणात निश्चित केली आहे." या वाक्यातला एकही शब्द माणसानं लिहिलेला नाही. मी चाळीस वर्षं शेड बांधली, एका जुन्या वेल्डिंग मशीनवर सुरुवात केली, आणि माझ्या यार्डातल्या सगळ्यात ढिल्या पोराचासुद्धा सांधा यांच्या वाक्यापेक्षा घट्ट असतो.

मला कळल्यावर मी फोन लावला. पाऊण तास पियानो ऐकवला. मग एक गोड आवाजाची मुलगी आली.

"मि. टॉलिडे, ब्रॉनविनचं अपंगत्व अजून आहे का?"

"कुठे जाईल? सुट्टीवर?"

"नाही, म्हणजे ते कायमचं असल्याचा ताजा पुरावा फाइलमध्ये दिसत नाही."

"बाई, एकतीस वर्षांत हाड उगवलं नाही. उगवलं असतं तर या गावात माझ्या आधी बेकरीवालीला कळलं असतं."

"तुमची नाराजी मी नोंदवून घेते हं."

घे बाई. यांची सगळी नोकरीच नोंदवण्यावर चालते. पुढच्या वेळी एक पुरुष होता, आवाजावरून नुकताच मिशी फुटलेला. त्यानं विचारलं, "मुलीला शौचालयाची सवय लावून पाहिली आहे का?" मी विचारलं, "तुला लावलीय का?" त्यानं फोन ठेवला. हेही नोंदवलं असेल.

आम्ही फेरविचाराचा अर्ज केला. तो कुणाकडे जातो माहीत आहे? ज्यानं कापलं त्याच्या शेजारच्या टेबलाकडे. शेजारच्या टेबलानं फेब्रुवारीत कळवलं, की पहिल्या टेबलाचं बरोबर आहे.

आता जे लिहितोय ते नीट वाच. ब्रॉननं जानेवारीपर्यंत यातलं मला काही सांगितलं नव्हतं. पत्रं आली, तिनं ठेवून दिली, आणि दोनांत भागवायला लागली. कसं? पाणी बंद करून. जानेवारीत आपल्याकडे त्रेचाळीस अंश होतं, रस्त्याचं डांबर टायरला चिकटत होतं, आणि ही सकाळी एक कप चहा घेऊन संध्याकाळपर्यंत कोरडी. मूत्रपिंडाला संसर्ग झाला. पाच दिवस दवाखान्यात. डॉक्टरीणबाई मला बाहेर नेऊन म्हणाली, "ही पाणी पीत नव्हती. का, ते तिलाच विचारा."

मी विचारलं.

"पाणी प्यायलं की पॅड लागतं, बाबा. पॅड दोनच आहेत."

मी त्याच दिवशी मोठ्या गावी जाऊन ट्रेलर भरून आणला. मापबिप बघितलं नाही, सगळ्यात मोठा खोका तो सगळ्यात चांगला असं समजलो. तिनं एक उघडून धरलं. म्हणाली, "छान आहेत. घोडी विकत घेतली की वापरू." मग म्हणाली, "बाबा, तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात. तुम्ही गेल्यावर हा ट्रेलर कोण ओढणार? मला तुमचे नकोत. माझ्या नावावर मंजूर झालेले हवेत."

मी खोके परत करून आलो. तू मला ओळखतेस, म्हणजे ही बातमीच आहे.

म्हणून आता लवादाकडे अपील केलंय. वकील नाही, पण वाचनालयात ब्रॉननं कायदा वाचलाय. लागतं काय, तर तिला जन्मापासून पाहिलेल्या, या कामातल्या जाणकार माणसाचं लेखी निवेदन. असा माणूस एकच आहे आणि त्याला मी ब्रॉनच्या आईच्या, ग्लेनिसच्या दफनाच्या दिवशी घराबाहेर काढलं.

लिहिशील का? माझ्यासाठी नाही.

मर्व्ह

---

टुल्लाबी
४ मे

प्रिय नोरीन,

निवेदन पोचलं. दोन पानं, एक शब्द जास्त नाही. ब्रॉननं दोनदा वाचलं आणि म्हणाली, "आत्यानं योजनेच्या सगळ्या लोकांना एका पानात शिकवलं, आणि दुसऱ्या पानात घरी पाठवलं." सही करताना तू नावापुढे 'निवृत्त जिल्हा परिचारिका' लिहिलंस तेव्हा हात जड झाला होता, शाईवरून दिसतं.

सोबत तू एक चिठोरी टाकलीस. तिच्यावर एकच ओळ. "ऑगस्टमध्ये त्यांच्याशी कोण बोललं?"

तुला आधी बाकीच्या बातम्या देतो. पाऊस उशिरा आहे. फुटबॉल क्लबच्या छताचं काम मी फुकट करून दिलं, आणि आभाराच्या भाषणात अध्यक्षानं माझं नाव चुकवलं. पाइच्या दुकानात आता पालकाची पाइ मिळते, लेन ऑसबोर्ननं एक घेतली आणि अर्धी कुत्र्याला दिली, अर्धी कुत्र्यानं परत दिली.

योजनेवाल्यांचं चालूच आहे. आता त्यांना तीन दिवसांची नोंदवही हवी. किती वाजता, किती, कपडे बदलावे लागले का. ब्रॉननं ती भरली. एका तिऱ्हाइताला कळावं म्हणून स्वतःच्या मुताचं वेळापत्रक लिहायचं, आणि खाली 'वरील माहिती सत्य आहे' म्हणून सही करायची. ती नोंदवही मागवणाऱ्या साहेबाला एक दिवस ती भरायला लावा. मी पेन देतो. कॉफीपण देतो, भरपूर.

बरं.

कायद्यानं आपली फाइल मागता येते, ती ब्रॉननं मागितली. एकशे अठरा पानं आली. ब्रॉन ताट सरकवून जेवणाच्या टेबलावर ती वाचत होती. मी चॉप्स परतत होतो. पान उलटण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, सापडली यांची चोरी! मी चिमटा हातात घेऊनच गेलो. "काय लिहिलंय गाढवांनी?"

तिनं पान माझ्याकडे फिरवलं.

"प्रतिनिधी (वडील) यांच्याशी दूरध्वनीवर चर्चा. लघवीवरील नियंत्रणाबाबत विचारले असता, 'फारसं वाईट नाही. ती आपलं आपण बघते. आमची काही तक्रार नाही,' असे सांगितले. दिवसाला किती पॅड लागतात असे विचारले असता, 'एखाददुसरं' असे सांगितले."

नोरीन, त्या फाइलमध्ये बाकी एकशे सतरा पानं आहेत, आणि सहाचे दोन करायला त्यातलं एकही लागलं नाही.

तुला आपल्याकडची पद्धत माहीत आहे. लेनची दोन बोटं धान्य चढवायच्या मळसूत्रात गेली, हात टॉवेलात गुंडाळून तो दवाखान्यात बसला होता, कसं काय विचारल्यावर म्हणाला, "फारसं वाईट नाही." गारपिटीत सगळं पीक आडवं झालं त्या संध्याकाळी क्लबात सगळे एकमेकांना तेच म्हणत होते. आपले बाबा शेवटच्या आठवड्यात, पोट फुगलेलं, डोळे पिवळे, आणि पाद्री आल्यावर काय म्हणाले? तू तिथेच होतीस. इथे कोणी ते खरं समजत नाही. त्याचा अर्थ 'पुढे विचारू नको' एवढाच. आणि विचारणारी काही चंद्रावरून आलेली नव्हती. याच देशात वाढलेली, हेल याच देशाचा, तिचा आजाही तेच म्हणत मेला असेल. पण तिला चौकट भरायची होती, आणि मी भरून दिली.

ही झाली त्यांच्यावरची माझी शिव्यांची बाजू. मी ती ब्रॉनलाही ऐकवली. ती म्हणाली, "पद्धत ठीक आहे, बाबा. पण आकडा? तुम्हाला आकडा माहीत नव्हता. 'माहीत नाही, तिलाच विचारा,' इतकंच म्हणायचं होतं."

मग उरलेलं लिहितो.

ग्लेनिस गेल्यावर कागदावर प्रतिनिधी म्हणून माझं नाव लागलं. मीच लावून घेतलं. घरचा कर्ता, सह्या करायची सवय. तो फोन आला तेव्हा मी यार्डात होतो. क्रेनवर तुळई लटकत होती, चार माणसं दोर धरून उभी. मुलगी म्हणाली, आता बोलायला वेळ आहे का. मी म्हटलं, बोला. मला वाटलं रॅम्पबद्दल काही असेल. तिनं लघवीचं विचारलं. आणि चारही माणसं माझ्याकडे बघत होती, कारण तुळई कधी उतरवायची ते मी सांगणार होतो. तुळई लटकलेलीच ठेवून शेडच्या मागे जायला मला तीस पावलं लागली असती. मी गेलो नाही. तिथेच उभा राहून, हसऱ्या आवाजात, ते म्हणालो. माझं वाक्य संपायच्या आत तिकडे चाव्या वाजायला लागल्या. मी त्या ऐकल्या. फार थोड्या वाजल्या. इतक्या थोड्यात काय लिहून झालं असेल असं मनात आलंही. पण फोन लवकर संपला म्हणून बरं वाटलं.

आणि एखाददुसरं. सत्तावीस वर्षं ग्लेनिस ते खोके इथल्या औषधांच्या दुकानातून न घेता तास दीड तास गाडी चालवून लांबून आणायची. का, ते मी कधी विचारलं नाही. मला ते दिसू नयेत म्हणून ती कपड्यांच्या कपाटात मागे लावायची. दफनाच्या दिवशी तू म्हणालीस, की मर्व्हला स्वतःच्या मुलीची लाज वाटते, आणि मी तुला माझ्या दारातून बाहेर काढलं, पाहुण्यांसमोर, ताटात केक असताना.

चार महिने मी योजनेच्या प्रत्येक माणसाला मूर्ख म्हटलंय. त्यातले बरेचसे आहेतच, ते मी मागे घेत नाही. पण मूर्खाला खोटं कोणी पुरवलं ते तू विचारलंस, म्हणून कळवतो.

ब्रॉन आठ दिवस माझ्याशी मीठ द्या, दार लावा, एवढंच बोलली. आज सकाळी म्हणाली, "सुनावणी अठरा जुलैला आहे. शर्ट इस्त्री करून घाला."

मर्व्ह

---

टुल्लाबी
२ ऑगस्ट

प्रिय नोरीन,

थंडी कडाक्याची आहे, गुडघा हवामानखात्यापेक्षा आधी सांगतो. तू पाठवलेले लोकरी मोजे ब्रॉन घालते. पाय तिला कळत नसले तरी रंग तिला आवडला.

सुनावणीचं सांगतो.

मी भाषण तयार केलं होतं. चार पानं. त्यात पियानो होता, शेजारचं टेबल होतं, मिशीवाला होता, आणि शेवटी एक असा टोमणा होता की लवादाची खुर्ची हलली असती. क्लबात लेनला वाचून दाखवलं तर तो बिअर सांडेपर्यंत हसला. गाडीत बसताना ब्रॉननं विचारलं, "खिशात काय आहे?"

"मुद्दे."

"द्या."

तिनं ते गाडीतल्या पुढच्या कप्प्यात ठेवून कप्पा लावला. "आज तुम्ही बोलायचं नाही."

"मी साक्षीदार आहे."

"तुम्ही पुरावा आहात. तेवढं पुरे."

खोली छोटी होती. लवादाची बाई साठीची, केस आखूड, चेहरा लाकडी. योजनेकडून एक तरुण वकील, गळ्यात टाय, टाचा न झिजलेल्या बुटांचा. असले बूट मला लांबून कळतात. त्यानं अपेक्षेप्रमाणे तेच पान काढलं. इतक्या कागदांतून त्याला तेच एक गोड लागलं, यावरून त्याची भूक कळते. वाचून झाल्यावर म्हणाला, "घरातल्या व्यक्तीनं स्वतः दिलेली ही माहिती आहे." आणि बसला, जसं काही एखादं धरण बांधून झालं.

बाईनं माझ्याकडे बघितलं. "मि. टॉलिडे, हे तुमचे शब्द?"

"हो."

"खरे होते?"

"नाही."

"मग का म्हणालात?"

मी ब्रॉनकडे बघितलं. ती समोर भिंतीकडे बघत होती.

"चार माणसं ऐकत होती," मी म्हटलं.

बाईनं ते लिहून घेतलं.  

मग ब्रॉन बोलली. पंचवीस मिनिटं, कागद न बघता. नोरीन, मला लोक सांगतात की सुई पडली तरी याच्या कानातून सुटत नाही. सांधा कच्चा असेल तर मी हातोड्याच्या आवाजावरून सांगतो. आणि माझ्याच घरात जे चाललं होतं ते मी त्या खोलीत, परक्या माणसांच्या बरोबरीनं, पहिल्यांदा ऐकलं.

दोन पॅडांत नोकरी कशी करायची ते तिनं सांगितलं. दुपारी एकला दुसरं संपतं. मग खुर्चीवर प्लास्टिकची पिशवी, वर टॉवेल, आणि पाच वाजेपर्यंत काउंटरमागून हलायचं नाही. कोणी पुस्तक मागितलं तर कपाटाचा नंबर सांगून त्यालाच पाठवायचं. गुरुवारी ती लहान मुलांना गोष्टी सांगायची, मुलं तिच्या चाकांना टेकून जमिनीवर बसायची. ते तिनं सप्टेंबरमध्ये बंद केलं. मला सांगितलं होतं, की मुलं येईनाशी झाली. मुलं येत होती. एक चिमुरडी आईला मोठ्यानं म्हणाली, "इथे वास येतो." आईनं माफी मागितली, ब्रॉन हसली, आणि पुढच्या गुरुवारी दारावर पाटी लावली.

त्या पाटीशेजारी मी दोनदा उभा राहिलोय. क्लबची पावती द्यायला गेलो होतो.

वकिलानं विचारलं, "हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

ती म्हणाली, "सांगायला मला कोणी विचारलं नाही. तुम्ही त्यांना फोन केलात." बोट माझ्याकडे नव्हतं, नुसती मान हलवली. आवाजात राग असता तर मी त्यावर एखादा टोमणा रचला असता.

परतताना मी म्हटलं, "तो वकील म्हणजे नुसता टाय. आत माणूस नाही."

ती म्हणाली, "बाबा, त्याला जाऊ द्या. पुढच्या पेट्रोलपंपाला थांबा, मला आत जायचंय." थांबलो. ती बऱ्याच वेळानं आली. मी तोवर गाडीत बसून काही केलं नाही, रेडिओसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिनं एक फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवला. प्रतिनिधी रद्द करण्याचा. इथून पुढे योजना थेट तिच्याशी बोलणार, सगळा पत्रव्यवहार तिच्या नावानं. माझी सही तीन ठिकाणी लागत होती. मी म्हटलं, "काही अडलं तर?" ती म्हणाली, "तर मी तुम्हाला विचारीन." मी तिन्ही ठिकाणी केली. योजनेच्या आजवरच्या सगळ्या फॉर्मांत हाच एक असा होता ज्यात एकही मूर्ख प्रश्न नव्हता.

आज अकराच्या टपालानं पाकीट आलं. जाड, लवादाचा शिक्का, वर तिचं नाव, फक्त तिचं. या घरात मी आजवर एकही पाकीट बंद ठेवलेलं नाही. ग्लेनिसच्या बहिणीची पत्रंसुद्धा मी आधी फोडायचो. हे साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलं. एकदा खिडकीशी उजेडात धरलं, कबूल करतो. काही दिसत नाही. कागदावर सरकार खर्च करतं, ते मानलं पाहिजे. मग जाऊन यार्डातल्या पोरांवर उगाच ओरडून आलो, परत आलो, आणि तुला हे लिहायला बसलो. साडेपाच होत आलेत.

गाडी आली.

(पुढचं जेवण झाल्यावर लिहितोय.)

तिनं कोट काढला, केस बांधले, हात धुतले, मग पाकीट घेतलं. सुरीनं वरून नीट कापलं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, शेवटचं पुन्हा वाचलं. मी बटाटे सोलत होतो. एकाच बटाट्यावर होतो, तो मटारएवढा झाला.

"सहा," ती म्हणाली. "आणि वर्षातून एकदा नर्स येऊन बघणार. पाच वर्षांसाठी."

"बघू," मी ओला हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली, आणि पत्र घडी घालून आपल्या पिशवीत ठेवलं. रागानं नाही. जसं कोणीही आपलं पत्र ठेवतं तसं.

मी हात पुसला आणि बटाट्याकडे वळलो.

तू पुढे लिहिणार असशील, आणि लिहावंस असं मला वाटतं, तर एवढं कर. तिच्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाकिटावर तिचं नाव घाल. ती वाटलं तर उत्तर देईल. माझ्याबद्दल विचारायचं असेल तर माझं घाल. मी खरं ते लिहीन, चार माणसं ऐकत असली तरी.

तुझा भाऊ,
आणि तेवढाच, कोणाचा प्रतिनिधी नाही,
मर्व्ह